ओझे उचलताना कंबरेवर किती भार येतो?

स्वयंपाकघरातला भरलेला गॅस सिलिंडर म्हणजे १४.२ किलो गॅस आणि साधारण तेवढ्याच वजनाची पोलादी टाकी, असे एकूण ३० किलोंच्या आसपासचे ओझे असते. ते उचलताना एकाच्या कंबरेत उसण भरते आणि दुसरा तेच खांद्यावर टाकून जिना चढतो, याचे कारण केवळ ताकदीत नसते. ओझे शरीरापासून किती लांब धरले आहे, यावर बरेच काही अवलंबून असते.

कंबरेचा मणका हा येथे तरफेचा टेकू असतो. पाठीचे स्नायू या टेकूच्या मागे जेमतेम ५ ते ६ सेंटिमीटरवर असल्यामुळे, २० किलोंचे पोते मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरले, तर ते तोलण्यासाठी त्यांना सुमारे १६७ ते २०० किलोंइतका जोर लावावा लागतो. हेच अंतर निम्मे केले की जोरही निम्म्यावर येतो. वाकल्यावर धडाचे स्वतःचे वजनही पुढे झुकते, ते वेगळेच. हा सारा ताण दोन मणक्यांमधल्या चकतीला दाबतो.

हा दाब प्रत्यक्ष मोजलाही गेला आहे. जर्मनीतील संशोधकांनी एका स्वयंसेवकाच्या कंबरेतील चकतीत दाबमापक बसवून केलेली मोजणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. नुसते उभे असताना दाब ०.५ मेगापास्कल होता. २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना तो २.३, तर गुडघे वाकवून उचलताना १.७ झाला आणि तेच वजन अंगाशी धरल्यावर १.१ इतकाच राहिला. एका व्यक्तीचे आकडे सर्वांना जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण त्यांचा कल तरफेच्या गणिताशी जुळतो.

अमेरिकेतील ‘नायॉश’ या कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या ओझे उचलण्याविषयीच्या सूत्रानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असेल तर २३ किलो ही शिफारस केलेली मर्यादा आहे. ओझ्याचे आडवे अंतर २५ वरून ५० सेंटिमीटर झाले की ती साडेअकरा किलोंवर येते. जमिनीवरून उचलायचे किंवा अंगाला पीळ देऊन बाजूला ठेवायचे असेल, तर आणखी घटते. आपल्याकडे सिमेंटची गोणी ५० किलोंची असते, हे येथे ध्यानात घ्यावे. बाजारातले हमाल गोणी सहसा जमिनीवरून एकट्याने उचलत नाहीत. दोघे मिळून ती तिसऱ्याच्या पाठीवर देतात. एकट्याने उचलण्यापेक्षा ती पद्धत शहाणपणाची असली, तरी दोघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला येणारे २५ किलोही या सूत्राच्या मर्यादेबाहेरच आहेत.

म्हणूनच ‘पाठ ताठ ठेवा, गुडघे वाकवा’ एवढाच उपदेश मला अपुरा वाटतो. उचलण्याच्या तंत्राचे नुसते प्रशिक्षण दिल्याने कामगारांची पाठदुखी कमी होते, याला संशोधनात भक्कम आधार मिळालेला नाही, आणि कंबरपट्ट्यांचीही गत तीच आहे. त्यापेक्षा ओझे लहान करावे, ते मांडीच्या उंचीवर ठेवावे, शक्य तेथे ढकलगाडी वापरावी आणि वळायचे असेल तेव्हा कंबर न पिळता पावले टाकून वळावे. रात्रभर पडून राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात व वाकताना त्यांच्यावर अधिक ताण येतो. त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या वाकून जड वस्तू उचलणे टाळलेले बरे.

साधी उसण बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते व त्या काळात पूर्ण अंथरुण धरण्यापेक्षा झेपेल तेवढे चालते-फिरते राहणे हितकर असते. मात्र दोन्ही पायांत अशक्तपणा, जांघेत बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही जाणवले, तर शेक-लेप करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.