तार प्रथिनाची, वाट हीमची

चौदा वर्षं एका तारेला भलतंच नाव चिकटून होतं. जिओबॅक्टर सल्फररिड्यूसन्स या जिवाणूच्या अंगावर केसासारखे धागे असतात आणि त्यांतून वीज वाहते, असं 2005 मध्ये डेरेक लव्हली यांच्या गटाने जाहीर केलं. असे धागे बऱ्याच जिवाणूंना असतात, त्यांना पिलाय म्हणतात. हेही तेच असणार, असं बहुतेकांनी धरून चाललं. 2019 मध्ये येलचे निखिल मालवणकर, व्हर्जिनिया विद्यापीठाचे एडवर्ड एगेलमन आणि सहकाऱ्यांनी क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने (नमुना गोठवून इलेक्ट्रॉनच्या झोताने पाहण्याच्या तंत्राने) या धाग्यांची रचना उलगडली. त्यांत पिलायचं प्रथिन नव्हतंच! ओएमसीएस नावाच्या सायटोक्रोमचे (हीम बाळगणाऱ्या, इलेक्ट्रॉन पोचवणाऱ्या प्रथिनाचे) रेणू एकापुढे एक जोडून ती तार झाली होती.

पण जिवाणूला तार हवीच कशाला? आपण अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतो. जिओबॅक्टर राहतो हवा न पोचणाऱ्या चिखलात, आपल्या भातखाचरांच्या तळाशी असतो तसल्या. तिथे इलेक्ट्रॉन घ्यायला असतं ते लोहाचं ऑक्साइड, म्हणजे एका अर्थी गंजच. ऑक्सिजन पेशीत सहज शिरतो, गंजाचा कण शिरत नाही. मग इलेक्ट्रॉनलाच बाहेर पोचवावं लागतं.

ही पोचवणी करतं हीम. आपलं रक्त लाल दिसतं ते याच्यामुळेच. हीम ही एक चपटी चकती, तिच्या मधोमध लोहाचा अणू. या अणूला सहा हात आहेत असं समजा. चार हात चकतीनेच धरलेले असतात. हिमोग्लोबिनमध्ये पाचवा हात हिस्टिडीन या अमिनो आम्लाकडे असतो आणि सहावा ऑक्सिजनसाठी मोकळा. ओएमसीएसमध्ये मात्र दोन्ही बाजूंनी हिस्टिडीनच. ऑक्सिजनला बसायला जागाच नाही. लोहाने फक्त एक इलेक्ट्रॉन घ्यायचा आणि पुढच्याला द्यायचा.

आणखी एक फरक आहे. हिमोग्लोबिनमधलं हीम प्रथिनाच्या खोबणीत नुसतं बसलेलं असतं. इथे ते दोन गंधकांच्या टाक्यांनी प्रथिनाला शिवलेलं असतं. त्या शिवणीची खूण ठरलेली: सिस्टीन, मग कोणतीही दोन अमिनो आम्लं, पुन्हा सिस्टीन आणि लगेच हिस्टिडीन. जनुकांच्या मजकुरात ही खूण शोधली की हीम किती बसणार याचा अंदाज कागदावरच येतो. जिओबॅक्टरचा जनुकसंच 2003 मध्ये वाचला गेला, तेव्हा अशी खूण असलेली शंभराहून जास्त जनुकं निघाली. एवढ्याशा जिवाला एवढी सायटोक्रोम!

ओएमसीएसच्या एका रेणूत साधारण 400 अमिनो आम्लं आणि सहा हीम असतात. दोन शेजारी हीमच्या कडांमधलं अंतर जेमतेम 3.5 ते 6 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). इलेक्ट्रॉन साधारण 14 अँगस्ट्रॉमपर्यंतची उडी मारू शकतो, त्यामुळे इथे त्याला काहीच अडचण नाही. चकत्यांच्या जोड्या आळीपाळीने लागतात: एक जोडी समांतर, पुढची काटकोनात. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रेणूंमधला सांधा. एका रेणूतल्या पाचव्या हीमला एक हिस्टिडीन शेजारच्या रेणूकडून येतं. प्रत्येकाने आपला एक हात शेजाऱ्याच्या लोहाला दिलेला असतो, म्हणून तर मायक्रोमीटरभर लांबीची तार सलग राहते.

प्रथिन स्वतः मात्र ढिसाळच म्हणायचं. नेहमीच्या प्रथिनांत दिसणारे मळसूत्री पीळ आणि पट्ट्या इथे फार थोड्या. बराचसा भाग नुसती वेटोळी. गजऱ्यातला दोरा फुलांपुरता असतो, तसं इथलं प्रथिन हीमपुरतं. याला दुजोराही मिळाला. याच जिवाणूची दुसरी तार ओएमसीई या चार हीमच्या प्रथिनाची आहे. त्याचा अमिनो आम्लांचा क्रम ओएमसीएसशी जुळत नाही, घडीही जुळत नाही. हीमची मांडणी मात्र तीच!

शेवानेल्ला या दुसऱ्या जिवाणूचा मार्ग वेगळा. तिथे वीस हीमची रांग एका प्रथिननळीतून थेट पेशीचं बाहेरचं आवरण ओलांडते. ती रचना 2020 मध्ये समजली.

आणि ते मूळचे पिलाय? 2021 मध्ये मालवणकरांच्या गटाने त्यांचीही रचना मांडली. त्यांच्या मते हे पिलाय दट्ट्यासारखे मागेपुढे होऊन सायटोक्रोमच्या तारा बाहेर ढकलतात, स्वतः वीज वाहून नेत नाहीत. लव्हली यांना हे पटलेलं नाही. वीज पिलायमधूनच वाहते, असं ते म्हणत राहिले आहेत.