वास्को द गामाला भोवलेली ऑक्टोबर हीट

भाचीच्या प्रश्नमंजुषेत परवा एक प्रश्न होता : युरोपातून भारतात येण्याचा सागरी मार्ग कोणी शोधला? उत्तर अर्थात वास्को द गामा. मला त्याच्या सफरीतले दोन आकडे जास्त बोलके वाटतात. एप्रिल 1498 मध्ये तो आफ्रिकेतल्या मालिंदीहून निघाला आणि 23 दिवसांत त्याला मलबारचा किनारा दिसला. परतताना तोच अरबी समुद्र ओलांडायला जवळजवळ तीन महिने लागले. जहाजं तीच, माणसंही तीच. बदलला होता तो वारा.

दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे हे आपण शाळेत शिकलो. मोसमी वारे हा ढोबळमानाने तोच खेळ, फक्त दिवसाऐवजी वर्षभर चालणारा. उन्हाळ्यात आशियाची जमीन तापते, तिथला हवेचा दाब उतरतो आणि समुद्रावरची हवा तिकडे धावते. पण मग वारा दक्षिणेकडून सरळ उत्तरेला यायला हवा. नैर्ऋत्येकडून का येतो? खरी गंमत इथे आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे 1670 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे जाते, 20 अंश उत्तरेला साधारण 1570 ने. विषुववृत्तावरून उत्तरेला निघालेली हवा आपला जादा वेग सोबत घेऊन येते, म्हणून खालच्या जमिनीच्या पुढे, म्हणजे पूर्वेकडे, सरकते. उत्तरेला जाता जाता पूर्वेलाही सरकणारा हा वारा म्हणूनच नैर्ऋत्येकडून येतो. (घर्षण, दाबातला फरक वगैरे धरल्यावर हिशोब बराच किचकट होतो, तो इथे नको.) मालिंदीहून मलबार किनाऱ्यावरचं कालिकत बंदरही ईशान्येलाच. वारा थेट पाठीवर!

अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांना हे शतकानुशतकं ठाऊक होतं. ‘मोसमी’ हा शब्दच अरबी ‘मौसिम’वरून आला. मालिंदीच्या सुलतानाने गामाला जाणता वाटाड्या दिला होता. तो प्रख्यात नाविक इब्न माजिदच होता असं लोक छातीठोकपणे सांगतात. त्याला भक्कम आधार नाही.

परतीची घाई मात्र नडली. गामाने ऑगस्टअखेर कालिकत सोडलं, कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जहाजांची डागडुजी केली आणि 5 ऑक्टोबरला तो खुल्या समुद्रात शिरला. ही तारीख तेव्हाच्या जुन्या कॅलेंडरातली; आजच्या कॅलेंडरासाठी तिच्यात नऊ दिवस मिळवा : ऑक्टोबरचा मध्य. कोकणात तेव्हा झाडाचं पान हलत नाही, अंगाला घामाच्या धारा लागतात. नैर्ऋत्य वारे संपलेले, आफ्रिकेकडे नेणारे ईशान्य वारे अजून रुळलेले नसतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. समुद्र शांत होतो तो नारळामुळे नाही, वाऱ्याचा जोर ओसरू लागतो म्हणून. पण शांत समुद्र वेगळा आणि घरी नेणारा वारा वेगळा. त्यासाठी अजून काही आठवडे थांबायला हवं होतं.

शिडं लोंबकळत राहिली, नाहीतर वारा समोरून येई. ताजी फळं, भाजी नाही; ‘क’ जीवनसत्त्वाअभावी स्कर्व्ही झाला, हिरड्या सुजून दातांवर चढल्या. या एका टप्प्यात सुमारे 30 माणसं गेली. जानेवारी 1499 मध्ये मालिंदी गाठल्यावर आजाऱ्यांसाठी संत्री मागवली गेली. पुढे थोड्याच अंतरावर ‘साओ राफाएल’ हे आपलं जहाज त्यांनी स्वतःच जाळलं, कारण तीन जहाजं चालवण्याइतके हात उरले नव्हते.