पाचवीची रात्र : इंदूरच्या मराठी घरांतलं बाळंतपण

इंदूरमध्ये मराठी घरात मूल होतं ते आता दवाखान्यात. पण बाळंतीण घरी आली की पुढे जे चालतं, म्हणजे पाचवी, शेक-शेगडी, धुरी, गुटी, बाराव्या दिवसाचं बारसं, ते सगळं घरात होणाऱ्या बाळंतपणासाठी बसवलेलं आहे. बाळंतपण घराबाहेर गेलं, त्याचं वेळापत्रक मात्र घरातच राहिलं. म्हणून हल्ली अडचण होते. सिझेरियन झालेली मुलगी पाचव्या दिवशी कधी कधी अजून दवाखान्यातच असते, आणि आजी फोनवर विचारते, "मग पाचवी कुठे करायची?" हा प्रश्न कसा तयार झाला, ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

१८१८ च्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. दरबाराच्या आधाराने दख्खनेतली घरं इथे रुजली. कारकून, शिलेदार, भिक्षुक, वैद्य, त्यांच्या बायका, आणि त्या बायकांबरोबर आलेले रिवाज. त्यांतला एक रिवाज इथे फार जड जात असे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेर तर नर्मदेच्या आणि तापीच्या पलीकडे! दुसऱ्या तुकोजीरावांनी १८७० मध्ये खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं, हे इंदूरकर अभिमानाने सांगतात. व्यापाऱ्यांना त्या लाईनीचा फायदा झालाच, पण पोटुशी लेकीसुद्धा तिच्यामुळेच सुखाने माहेरी पोचू लागल्या. डोहाळजेवण आटोपायचं, सातव्यात छोट्या गाडीत बसायचं, पाताळपाणी-कालाकुंडचा घाट उतरायचा, खंडव्याला गाडी बदलायची आणि भुसावळकडे निघायचं. माझी आजी १९४० च्या दशकात अशीच गेली होती. तिची पुढची चार बाळंतपणं मात्र रामबागेतल्या घरात झाली. माझे वडील त्यांतले.

घरातली सर्वांत आतली खोली बाळंतिणीची. खिडकी असली तरी तिला गोधडी टांगलेली, कारण वारा लागता कामा नये. सुंभाची बाज, तिच्याखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा आणि बाळंतशेपांची धुरी. आजी सांगायची, की धुराने डोळे चुरचुरत, पण कंबरेला जो शेक बसे त्याने दिवसभराचा ठणका उतरे. बाहेर ओसरीवर आजोबा खिशातलं घड्याळ हातात घेऊन बसलेले असायचे. आतून आवाज आला की पत्रिकेसाठी वेळ टिपायची, एवढंच पुरुषांचं काम.

बाकी सगळं सुईणीचं. हिंदी मोहल्ल्यांत तिला दाई म्हणतात, आमच्यातही आता तोच शब्द रुळलाय. पोटावर तेलाचा हात फिरवून मूल आडवं आहे की पायाळू, हे तिला कळायचं. कळा मंदावल्या तर बाईला उठवून फिरवायची, गरम काढा द्यायची, धीर द्यायची. नाळ विळ्याने किंवा ब्लेडने कापायची, दोऱ्याने बांधायची आणि वार परसात पुरायची. मातीशी नाळ जोडलेली असणं हे आपण भाषणांत ऐकतो. इंदूरच्या जुन्या मराठी घरांच्या बाबतीत ते अक्षरशः खरं आहे. मूळ गाव कोकणात किंवा खानदेशात असेल, पण चार-पाच पिढ्यांच्या वारा माळव्याच्या काळ्या मातीत पुरलेल्या आहेत.

ही बाई कोण असायची, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. नाळ आणि वार हे विटाळाचं काम मानलेलं, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी दलित जातींतल्या बायकांवर ढकललेलं होतं. मूल पहिल्यांदा जिच्या हातात आलं, तिचे हात धुवायला पाणी वरून ओतायचं आणि ती गेल्यावर खोली शिंपायची. तिला मान मिळे तो पाचवीला. लुगडं, धान्य, खण-नारळ, कधी चांदीचं काही. एक दिवसाचा मान आणि वर्षभराचं अंतर, हे मला कधीच पचलेलं नाही.

आता पाचवीकडे येते. पाचव्या रात्री पाटा-वरवंट्याची पूजा करतात, काही घरांत नाळ कापलेला विळाही पूजेत ठेवतात. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद आणि दौत-लेखणी मांडायची. दिवा विझू द्यायचा नाही. बायकांनी आळीपाळीने जागायचं, बाळाला एकटं सोडायचं नाही. 'दारिद्र्य पाचवीलाच पुजलेलं' हा वाक्प्रचार या पाचवीच्या पूजेतून आला. आणि मूल दगावलं, तर दोष सटवाईचाच.

ही जागरणं याच रात्रींना का, याचा विचार केला की अंगावर काटा येतो. गंजलेल्या विळ्याने कापलेल्या किंवा राख-शेण लावलेल्या नाळेतून धनुर्वाताचे जंतू शिरले, तर बाळ पहिले दोन-तीन दिवस अगदी छान असतं. मग ते दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. लक्षणं तिसऱ्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत कधीही दिसतात, पण सगळ्यात जास्त पहिल्या आठवड्याच्या शेवटाकडे. आईला होणारा सूतिकाज्वरही पहिल्या दहा दिवसांतलाच, आणि सोयरही बरोबर दहा दिवसांचं. रिवाज घालून देणाऱ्यांना जंतू ठाऊक नव्हते, पण कोणत्या रात्री मुलं जातात हे त्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. हा माझा अर्थ आहे, पोथीत तो सापडणार नाही. पण दहा दिवस निभावून गेल्यावरच अकराव्याला न्हाण आणि बाराव्याला नाव, हा क्रम मला त्या भीतीतूनच आलेला वाटतो. मूल राहणार अशी खात्री वाटू लागल्यावर त्याला नावाने हाक मारायची.

सगळेच रिवाज असे जपणारे नव्हते. पहिले दोन-तीन दिवस आईचा चीक पिळून टाकत आणि बाळाला मध, गूळपाणी नाहीतर एरंडेल चाटवत. आज डॉक्टर जन्मल्यावर तासाभरात आईचंच दूध द्यायला सांगतात, कारण तो चीकच बाळाचं पहिलं संरक्षण आहे, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नये. बंद खोलीतला शेगडीचा धूरही आई-बाळाच्या छातीत जात होता. आजीच्या आठवणीतला शेक कितीही सुखाचा असला, तरी हे लपवून चालणार नाही.

बाहेरून मदत आली ती १९ व्या शतकाच्या शेवटी, आणि तिची एक सुरुवात आजच्या मध्य प्रदेशातल्याच पन्ना संस्थानातली. लखनौच्या मिशनमध्ये वैद्यकीय काम करणाऱ्या एलिझाबेथ बीलबी यांनी पन्नाच्या महाराणीवर उपचार केले होते. १८८१ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या तेव्हा महाराणीने त्यांच्याकडे व्हिक्टोरिया राणीसाठी निरोप दिला : हिंदुस्थानातल्या बायका आजारपणात फार सोसतात. लॉकेटमध्ये मावेल इतक्या बारीक अक्षरांत तो लिहून न्यावा, अशी तिची इच्छा होती. पुढे १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी उभा राहिला आणि देशभर बायकांसाठी दवाखाने निघू लागले. इंदूरला कॅनडाच्या मिशनच्या डॉक्टर एलिझाबेथ बेटी त्याच सुमाराला आल्या, मग मॅरियन ऑलिव्हर आल्या, आणि १८९१ मध्ये बायकांचं इस्पितळ सुरू झालं.

त्याच वर्षांत आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत शिकत होत्या. त्यांचं स्वतःचं बाळ अवघं दहा दिवस जगलं होतं, त्या वेळी त्या चौदा वर्षांच्याही जेमतेम होत्या. १८८६ मध्ये पदवी घेताना प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. त्या दहा दिवसांचा आणि या विषयाचा संबंध मला कुणी समजावून सांगायची गरज वाटत नाही. पुढच्याच फेब्रुवारीत त्या गेल्या, इथे डॉक्टरकी सुरू करायच्या आत.

दवाखाने निघाले म्हणून घरं लगेच हलली नाहीत. इंदूरला १८७८ पासून वैद्यकीय शाळा होती, पुढे किंग एडवर्ड मेडिकल स्कूल झालं, १९४८ मध्ये महात्मा गांधी मेडिकल कॉलेज आलं, महाराजा तुकोजीरावांच्या नावाचं इस्पितळ (एमटीएच) होतंच, आणि १९५० च्या दशकात महाराजा यशवंतरावांच्या नावाचा सात मजली दवाखाना (एम. वाय.) उभा राहिला. एमटीएच आणि एम. वाय. ही नावं इंदूरच्या बायकांच्या तोंडी इतकी बसली, की 'एमटीएचला नेली' म्हटलं की काय झालं ते विचारावं लागत नसे. तरी दवाखान्यात न्यायची ती अडलेली बाई. सरळ मोकळी होणारी घरीच मोकळी व्हायची. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दाईंना शिकवण्यासाठी निधी काढला तो याच कारणाने. बायका दवाखान्यात येत नाहीत, तर दाईचे हात तरी स्वच्छ करू.

या कामात इंदूरचा स्वतःचा मोठा वाटा आहे, आणि त्याची हवी तेवढी आठवण निघत नाही. कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये वारल्या. त्यांच्या स्मरणार्थ ७५ लाख गोळा करायचे ठरले होते, जमले कोटीहून जास्त. तो पैसा खेड्यातल्या बायका-मुलांसाठीच वापरावा असं गांधीजींनी सांगितलं. त्या कस्तुरबा ट्रस्टचं मुख्य ठाणं इंदूरजवळ खंडवा रोडवर कस्तुरबाग्राममध्ये आलं. तिथे ग्रामसेविका तयार झाल्या, सुईणपणाचं शिक्षण दिलं गेलं. नखं कापा, साबणाने हात धुवा, नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा घ्या, नाळेला काहीही लावू नका. ऐकायला किरकोळ वाटतं. पण घरातल्या बाळंतपणात जे मरण होतं, त्यातलं केवढं तरी याच चार गोष्टींनी टळणारं होतं. त्याला गर्भारपणातल्या धनुर्वाताच्या इंजेक्शनची जोड मिळाली, आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं भारताच्या बाबतीत २०१५ मध्ये जाहीर झालं. सटवाईच्या रात्रीची जुनी भीती अशी संपली. वर्तमानपत्रांत ती बातमी कोपऱ्यात आली, पेढे कुणी वाटले नाहीत.

घरातून दवाखान्यात जाण्याचा मोठा लोंढा मात्र अगदी अलीकडचा. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या खेड्यातल्या बाईला मध्य प्रदेशासारख्या राज्यांत १४०० रुपये मिळू लागले, आणि गावात 'आशा' ही आरोग्य कार्यकर्ती आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये मध्य प्रदेशात दवाखान्यातली बाळंतपणं २६ टक्के होती, २०१५-१६ मध्ये ८१ आणि २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९१. पंधरा वर्षांत हजारो वर्षांची जागा बदलली. तरीही २०१८-२० च्या आकड्यांत दर लाख जिवंत जन्मांमागे राज्यात १७३ आया जात होत्या, देशात ९७. रक्तस्राव, अंगात रक्त कमी असणं, वाढलेला रक्तदाब, पोचायला झालेला उशीर, ही कारणं दार बदलल्याने आपोआप जात नाहीत.

या बदलात सुईण मात्र कुठेच बसली नाही. तिच्याकडून काय शिकायचं ते शिकून घ्यावं, तिला शिकवून दवाखान्यात बाळंतिणीजवळ उभं करावं, हे फार थोड्या ठिकाणी झालं. कळा देणाऱ्या बाईच्या कंबरेला हात लावून तासन्‌तास बसणं हे तिचं कसब होतं, आणि आजच्या गर्दीच्या वॉर्डांत नेमकं तेच मिळत नाही.

घरात जे उरलंय ते बाळाच्या कौतुकाचं. आमच्याकडे आजीची सहाण अजून आहे. इतकी वर्षं उगाळून तिच्या मधोमध खळगा पडलाय, अंगठा ठेवला तर अलगद बसतो. तिच्यावर वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग, हिरडा यांचे मोजून वेढे द्यायचे. मुरडशेंगेचे किती आणि जायफळाचा एकच का, यावर आई आणि मावशीचं आजही एकमत नाही. (डॉक्टरीण सहा महिने दुधाशिवाय काही नको म्हणते, त्यामुळे आता गुटी त्यानंतर.) डिंकाच्या आणि अळिवाच्या लाडवांना माळव्याच्या शेजारणींकडून आलेल्या सुंठीच्या लाडवांची आणि गूळ-सुकामेव्याच्या हरीऱ्याची सोबत झाली. माळव्यात-निमाडात पहिलं मूल झालं की कागदावर कुंकवाने बाळाची पावलं काढून सोयऱ्यांकडे पाठवायची रीत आहे, तिला पगल्या म्हणतात. आमच्या शेजारच्या मालवी घरातून असा कागद आला होता, तो आईने घडी न मोडता देवघरात ठेवलाय. बारशाला मात्र सगळं आपलं : पाळण्याखालून-वरून वरवंटा, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या', आत्याने कानात कुर्र करून सांगितलेलं नाव, तिच्या पाठीत बसणारे धपाटे आणि हरभऱ्याच्या घुगऱ्या.

मागच्या वर्षी भाचीचं सिझेरियन झालं आणि पाचवा दिवस दवाखान्यातच उजाडला. पाटा नेणं शक्य नव्हतं. आईने कॉटशेजारच्या कपाटावर रुमाल अंथरला, वर सुपारी मांडून हळद-कुंकू वाहिलं, उशाशी कोरी वही आणि पेन ठेवलं. दिवा लावायची परवानगी नव्हती, म्हणून रात्रभर कपाटावरचा बल्ब चालू ठेवायला सांगितलं. मग प्रश्न आला ओटीचा. सुईण कोण? आई थोडा वेळ गप्प बसली. रात्रपाळीची नर्स टाके बघायला आली तेव्हा आईने तिला स्टुलावर बसवलं आणि खण-नारळाने तिची ओटी भरली. मुलगी झाबुआकडची होती, हे काय चाललंय ते तिला कळलं नाही. तिने नारळ दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, "आंटी, ये किस चीज़ का?" आईने बाळाकडे बोट दाखवलं.