टॉर ब्राउझर व व्हीपीएन : सुरक्षित वापर

इंटरनेटवरील आपली ओळख, ठिकाण आणि आपण काय वाचतो ही माहिती त्रयस्थांच्या हाती जाऊ नये यासाठी वापरली जाणारी दोन प्रमुख साधने म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क अर्थात व्हीपीएन आणि टॉर हा अनामिक ब्राउझर. दोहोंचा उल्लेख बहुधा एका दमात होतो आणि एकाच्या जागी दुसरे चालेल असे समजले जाते. प्रत्यक्षात त्यांची रचना, त्यांच्यापासून मिळणारे संरक्षण आणि त्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या आहेत. व्हीपीएन वापरणारा आपला विश्वास एका पुरवठादाराकडून काढून दुसऱ्याकडे सोपवतो, तर टॉरमध्ये तो तीन अनोळखी संगणकांत अशा रीतीने वाटला जातो की त्यांपैकी कोणा एकाला संपूर्ण व्यवहार कळू नये. सुरक्षित वापराचे बहुतेक नियम या फरकातूनच निघतात.

कोणाला काय दिसते : घरच्या ब्रॉडबँडवरून किंवा मोबाइलवरून एखादे संकेतस्थळ उघडले की इंटरनेट पुरवठादाराला ग्राहकाचे नाव, वेळ आणि कोणते संकेतस्थळ उघडले ते कळते. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस (ब्राउझर व संकेतस्थळ यांच्यातील कूटबद्ध जोडणी) वापरत असल्यामुळे पानावरील मजकूर, भरलेला अर्ज किंवा पासवर्ड त्याला वाचता येत नाही. परंतु संकेतस्थळाचे नाव डीएनएसकडे, म्हणजे नावावरून संकेतस्थळाचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेकडे, केलेल्या विचारणेतून आणि जोडणीच्या पहिल्या संदेशातून सहसा उघडे पडते. दुसऱ्या टोकाला संकेतस्थळाला वाचकाचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), त्यावरून अंदाजे शहर, कुकी (संकेतस्थळाने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) आणि ब्राउझरचे तपशील मिळतात. पडद्याचा आकार, बसवलेले फॉन्ट, निवडलेली भाषा, वेळक्षेत्र, ग्राफिक्स कार्ड हे तपशील एकत्र जुळवले की कुकी पुसल्या तरी तोच ब्राउझर पुन्हा ओळखता येतो. या तंत्राला फिंगरप्रिंटिंग म्हणतात. मराठी भाषा निवडलेला, देवनागरीचे जादा फॉन्ट बसवलेला आणि स्टॉकहोमच्या वेळेवर चालणारा संगणक तर गर्दीतून चटकन वेगळा काढता येतो. ब्राउझरमधील इन्कॉग्निटो खिडकी बंद करताच त्या उपकरणावरील इतिहास व कुकी पुसल्या जातात, पण पुरवठादार, कार्यालयाचे नेटवर्क किंवा संकेतस्थळ यांच्यापासून आयपी पत्ता लपत नाही. या खिडकीवर अनामिकतेसाठी विसंबणे हा सर्वांत सार्वत्रिक गैरसमज आहे.

व्हीपीएन : व्हीपीएन हे मुळात कंपन्यांच्या दूरच्या शाखा व कर्मचारी मुख्य कार्यालयाच्या नेटवर्कला सुरक्षितपणे जोडण्यासाठी विकसित झालेले तंत्र आहे. वापरकर्त्याचे उपकरण आणि व्हीपीएनचा सर्व्हर यांच्यात एक कूटबद्ध मार्ग तयार होतो. इंटरनेट पुरवठादाराला केवळ त्या सर्व्हरशी झालेली जोडणी दिसते आणि संकेतस्थळाला वापरकर्त्याऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता दिसतो. १९९० च्या दशकातील पीपीटीपी हा प्रोटोकॉल (जोडणीची ठरलेली पद्धत) आज असुरक्षित मानला जातो. सध्या ओपनव्हीपीएन आणि वायरगार्ड प्रचलित असून वायरगार्डचा समावेश २०२० मध्ये लिनक्स या संगणक प्रणालीच्या ५.६ या आवृत्तीच्या गाभ्यात झाला. एन्क्रिप्शनच्या, म्हणजे माहिती कूटबद्ध करण्याच्या, बाजूने या दोहोंविषयी चिंता करण्याचे कारण नाही. चिंता असते ती सर्व्हर चालवणाऱ्याची. पूर्वी जे इंटरनेट पुरवठादाराला दिसत होते, ते सर्व आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते.

‘आम्ही कोणत्याही नोंदी ठेवत नाही’ हे वाक्य जवळपास प्रत्येक कंपनीच्या जाहिरातीत असते आणि ते खरे की खोटे हे ग्राहकाला घरबसल्या तपासता येत नाही. २०२० मध्ये असाच दावा करणाऱ्या हाँगकाँगस्थित सात व्हीपीएन सेवांच्या सुमारे १.२ टेराबाइट नोंदी एका उघड्या सर्व्हरवर सापडल्या. याउलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडिश पोलीस झडतीचा आदेश घेऊन मुल्वाड या कंपनीच्या गोटेनबर्ग येथील कार्यालयात गेले असता ग्राहकांची माहिती साठवलेलीच नसल्यामुळे ते रिकाम्या हाताने परतले. मुल्वाड नाव किंवा ईमेल न मागता केवळ एका खाते क्रमांकावर सेवा देते. झडती, न्यायालयीन आदेश किंवा त्रयस्थ तपासणी यांत टिकलेला दावा आणि केवळ जाहिरातीतील दावा यांना एका तागडीत तोलू नये.

फुकट व्हीपीएन अॅप्सबाबत अधिक सावध राहावे लागते, कारण सर्व्हर आणि बँडविड्थ यांचा खर्च कोठून तरी निघावाच लागतो. होला या मोफत सेवेच्या वापरकर्त्यांची जोडणी लुमिनाटी या नावाने दुसऱ्यांना विकली जात असल्याचे २०१५ मध्ये उघडकीस आले. म्हणजे तिऱ्हाइताचा व्यवहार आपल्या घरच्या आयपी पत्त्यावरून बाहेर पडत होता आणि त्याने काही गैर केले असते तर पहिली विचारणा आपल्याकडे झाली असती. फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतलेले ओनाव्हो हे अॅप वापरकर्ते इतर कोणती अॅप्स किती वापरतात याची माहिती गोळा करत होते. अॅपलच्या नियमांमुळे ते २०१८ मध्ये अॅपलच्या अॅप दुकानातून काढावे लागले. एखादी सशुल्क सेवा मर्यादित स्वरूपात मोफत मिळत असेल तर तिचा हिशेब समजण्यासारखा असतो. कंपनीचे नाव-गाव नसलेले आणि संपर्कयादी किंवा मायक्रोफोनची परवानगी मागणारे अॅप फोनवर घेऊच नये.

भारतातील नोंदींचा नियम : सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू यांची नोंद ग्राहकाने सेवा सोडल्यानंतरही किमान पाच वर्षे ठेवावयाची आहे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनना हा नियम लागू नाही. अंमलबजावणीची तारीख पुढे ढकलून २५ सप्टेंबर २०२२ करण्यात आली. त्याआधीच एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातील सर्व्हर काढून घेतले. यादीत ‘भारत’ असे दिसणारे काही सर्व्हर तेव्हापासून सिंगापूर किंवा लंडन अशा ठिकाणी असतात आणि त्यांना केवळ आयपी पत्ता भारतीय असतो. ज्या सेवेचे भूषणच नोंदी न ठेवण्यात आहे, तिला नोंदी ठेवायला लावणारा हा नियम गुन्हेगाराइतकाच सामान्य नागरिकाच्या खाजगीपणावर येतो, हे येथे स्पष्ट नोंदवले पाहिजे.

टॉर : टॉरमागील ‘ओनियन राउटिंग’ची कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत पॉल सिव्हरसन, मायकेल रीड आणि डेव्हिड गोल्डश्लॅग यांनी मांडली. रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन यांच्यासह उभारलेले जाळे २००२ मध्ये सुरू झाले आणि २००६ मध्ये ना-नफा तत्त्वावरील टॉर प्रकल्प ही संस्था स्थापन झाली. लष्करी प्रयोगशाळेतून निघालेले हे साधन सर्वांसाठी खुले करण्यामागे साधे कारण होते : जाळ्यावर फक्त नौदलाची माणसे असती, तर त्या जाळ्यातून आलेला प्रत्येक जण नौदलाचा हे आपोआप सिद्ध झाले असते. अनामिक राहण्यासाठी आजूबाजूला नाना तऱ्हेच्या माणसांची गर्दी लागते.

स्वयंसेवक चालवत असलेल्या हजारो संगणकांपैकी तीन संगणकांचा एक मार्ग निवडला जातो आणि माहितीवर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एन्क्रिप्शनचे तीन थर चढवले जातात. प्रत्येक टप्प्यावर एक थर निघतो. पहिल्या, म्हणजे ‘गार्ड’ टप्प्याला वापरकर्त्याचा आयपी पत्ता कळतो पण तो कोठे निघाला आहे ते कळत नाही. शेवटच्या ‘एक्झिट’ टप्प्याला संकेतस्थळ कळते पण वापरकर्ता कळत नाही. मधल्याला दोन्ही कळत नाहीत. टॉर ब्राउझरमध्ये पत्त्याच्या पट्टीच्या डाव्या टोकाचे चिन्ह दाबले की त्या क्षणीचा मार्ग दिसतो : जर्मनी, फिनलंड, कॅनडा अशी तीन देशांची नावे आणि शेवटी संकेतस्थळ. दुसरे संकेतस्थळ उघडले की मार्ग बदलतो, गार्ड मात्र काही महिने तोच राहतो. वारंवार नवा गार्ड निवडल्यास कधी तरी लबाड संगणकाशी गाठ पडण्याचा संभव वाढतो, म्हणून ही योजना आहे. खिडकी मोठी केली तर पानाभोवती राखाडी पट्टे उमटतात. हा बिघाड नसून सर्व वापरकर्त्यांच्या खिडक्या ठरावीक मापांत बसवून फिंगरप्रिंटिंग निष्फळ करण्याचा उपाय आहे.

‘डॉट ओनियन’ने संपणारे, ५६ अक्षरांचे पत्ते असलेली संकेतस्थळे केवळ टॉरमधूनच उघडतात. गुन्हेगारी बाजारांमुळे त्यांची बदनामी झाली असली तरी बीबीसी न्यूजने २०१९ मध्ये आपली अशी प्रत सुरू केली आणि अनेक वृत्तसंस्था गोपनीय कागदपत्रे स्वीकारण्यासाठी हेच तंत्र वापरतात.

अनामिकता कोठे मोडते : टॉरचे गणित फोडून माणूस सापडल्यापेक्षा सवयीमुळे सापडल्याची उदाहरणे जास्त आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टाळण्यासाठी एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर अभेद्य राहिले, परंतु तो विद्यापीठाच्याच वायफायवर होता आणि त्या वेळी टॉरशी जोडलेल्यांत त्याचे नाव विद्यापीठाच्या नोंदींत होते. भारतात रेल्वे स्थानकावरील मोफत वायफाय मोबाइलवर आलेला ओटीपी भरल्यावरच सुरू होते. तेथे टॉर किंवा व्हीपीएन लावल्यास काय वाचले ते झाकले जाते, पण अमुक क्रमांकाच्या धारकाने अमुक वेळी टॉर वापरले हे झाकले जात नाही. २००७ मध्ये डॅन एगरस्टॅड या स्वीडिश संशोधकाने स्वतःचे काही एक्झिट संगणक चालवून त्यांतून उघड्या स्वरूपात जाणारे ईमेल पासवर्ड टिपले. त्यांत भारतासह अनेक देशांच्या दूतावासांची खाती होती. दूतावासांनी टॉरला टपाल सीलबंद करण्याचे साधन मानले, पण एक्झिटपासून पुढचे एन्क्रिप्शन टॉर करत नाही, ते एचटीटीपीएसलाच करावे लागते. २०१३ मध्येच टॉर ब्राउझर ज्या फायरफॉक्स ब्राउझरवर आधारलेला आहे त्यातील एका त्रुटीचा वापर करून वापरकर्त्यांचे खरे आयपी पत्ते काढण्यात आले. त्या त्रुटीची दुरुस्ती काही आठवडे आधीच प्रसिद्ध झाली होती. ज्यांनी ब्राउझर अद्ययावत केला नव्हता तेच सापडले.

एक मर्यादा मात्र रचनेतच आहे. जो वापरकर्त्याचे टोक आणि संकेतस्थळाचे टोक या दोहोंवर एकाच वेळी लक्ष ठेवू शकतो, त्याला माहितीच्या वेळा व आकार जुळवून दोन्ही टोकांचा संबंध लावता येतो. टॉर प्रकल्प स्वतः ही मर्यादा मान्य करतो.

वापरातील दक्षता : टॉर ब्राउझर केवळ प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा फोनच्या अधिकृत अॅप दुकानातून घ्यावा. आयफोनवर ओनियन ब्राउझर या वेगळ्या अॅपची शिफारस केली जाते, मात्र अॅपलच्या बंधनांमुळे त्याचे संरक्षण मूळ ब्राउझरइतके नसते. टॉर ब्राउझरमध्ये जादा एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडण्याच्या छोट्या सोयी) बसवू नयेत, कारण सर्वांसारखे दिसण्यातच येथे संरक्षण आहे. सुरक्षा पातळी ‘सर्वांत सुरक्षित’ केल्यास जावास्क्रिप्ट (पानांवर चालणारे छोटे प्रोग्राम) बंद होते. काही पाने मोडतात, पण जोखीम मोठी असेल तर ते सोसावे. उतरवलेली पीडीएफ किंवा वर्ड फाइल इंटरनेट चालू असताना उघडू नये, कारण ती टॉरबाहेरून थेट जोडणी करून खरा आयपी पत्ता फोडू शकते. टॉरेंट (वापरकर्त्यांनी एकमेकांशी थेट फाइली वाटण्याची पद्धत) टॉरमधून चालवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्या खात्याला आपला मोबाइल क्रमांक जोडलेला आहे, त्यात प्रवेश केला की त्या संकेतस्थळापुरती अनामिकता संपते. बँकेचे व्यवहार टॉरमधून करण्यात काही अर्थ नाही. बँक ग्राहकाला ओळखतेच आणि परदेशी पत्ता पाहून खाते तात्पुरते गोठवूही शकते.

व्हीपीएनमध्ये जोडणी तुटताच सर्व इंटरनेट थांबवणारी ‘किल स्विच’ सोय चालू असावी. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये व्हीपीएन सतत चालू ठेवण्याचा आणि त्याविना जोडणी रोखण्याचा पर्याय असतो. जोडल्यानंतर डीएनएस, वेबआरटीसी (ब्राउझरमधील कॉलची सोय) आणि आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत; जुनी ती आयपीव्ही४) या वाटांनी खरा पत्ता झिरपत नाही ना, हे तपासणाऱ्या संकेतस्थळावर एकदा पाहावे. भारतातील मोबाइल जाळ्यांवर आयपीव्ही६चा वापर मोठा असल्यामुळे केवळ आयपीव्ही४ वळवणारे व्हीपीएन येथे विशेष फसवे ठरते. व्हीपीएनचे पैसे यूपीआयने भरले तर ग्राहकाचे नाव बँकेकडे व मध्यस्थाकडे राहते, हेही ध्यानात ठेवावे.

व्हीपीएन लावून त्यावर टॉर चालवल्यास सुरक्षितता दुप्पट होते, हा समज बरोबर नाही. त्यामुळे टॉरचा वापर इंटरनेट पुरवठादारापासून लपतो, पण व्हीपीएन कंपनीला कळतो. टॉर वापरत आहोत हेच लपवायचे असेल तर टॉरमधील ‘ब्रिज’, म्हणजे जाहीर यादीत नसलेला प्रवेशाचा संगणक, हा पर्याय बहुधा अधिक योग्य असतो : ओबीएफएस४ प्रकारचा ब्रिज माहितीला निरर्थक अक्षरांचे रूप देतो, तर स्नोफ्लेक तिला व्हिडिओ कॉलसारखी भासवते.

कायदेशीर स्थिती : खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात दिला. व्यक्तीने व्हीपीएन किंवा टॉर वापरण्यावर देशभर लागू असलेली बंदी नाही; त्यांच्या आडून केलेला गुन्हा मात्र गुन्हाच राहतो. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना त्रयस्थ व्हीपीएन व टॉर वापरू नयेत अशा सूचना २०२२ मध्ये देण्यात आल्या, आणि जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ठरावीक मुदतीसाठी व्हीपीएनबंदीचे आदेश काढले आहेत.

आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न रोज भेडसावतो. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सअॅपवरून कॉल लागत नाहीत, म्हणून घरी बोलण्यासाठी अनेक जण फुकट व्हीपीएन घेतात. तेथे कार्यालयीन व कायदेशीर कामासाठी व्हीपीएनला मनाई नाही. परंतु गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास कैद किंवा ५ लाख ते २० लाख दिरहम दंड अथवा दोन्हींची तरतूद आहे, आणि रोखलेली सेवा वापरणे या व्याख्येत कितपत बसते याचा धोका परदेशी कामगाराने पत्करू नये. त्याऐवजी तेथे परवानगी असलेली कॉलिंग अॅप्स वापरावीत. रशियाने डिसेंबर २०२१ मध्ये टॉरचे संकेतस्थळ रोखले, तर चीन व इराणमध्ये टॉरची थेट जोडणी रोखली जाते. अशा देशांत ब्रिजचा उपयोग होतो, आणि संकेतस्थळ उघडत नसल्यास टॉर प्रकल्प ईमेल व टेलिग्रामवरूनही ब्राउझर उतरवण्याचे दुवे पाठवतो.