आवाजाने कानाला दडे बसणे

वरातीत डीजेच्या बॉक्ससमोर तासभर नाचून घरी आलं की कान सुन्न पडतात, समोरच्याचं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं वाटतं आणि अंथरुणावर पडलं की कानात बारीक कुई वाजत राहते. लातूरकडं सोयाबीनच्या मळणी यंत्रावर दिवसभर उभं राहणाऱ्यांना, जालन्याच्या रोलिंग मिलमधल्या कामगारांनापण हेच होतं. बहुतेकदा काही तासांत, नाहीतर एक-दोन दिवसांत कान मोकळे होतात आणि माणूस विसरून जातो.

आतल्या कानात कॉक्लिया नावाची गुंडाळलेली नळी असते, तिच्यात जन्मतःच आवाज टिपणाऱ्या साधारण १५ हजार केसपेशी असतात, मेल्या तर परत उगवत नाहीत. त्यातल्या बाहेरच्या पेशी बारीक आवाज वाढवून देतात, मोठ्या आवाजानं त्याच आधी थकतात म्हणून हळू बोललेलं ऐकू येणं पहिलं जातं. फटका जास्त बसतो ३ ते ६ हजार हर्ट्झच्या, म्हणजे बारीक-उंच आवाजांच्या पट्ट्यात, त्यामुळं स, श असली अक्षरं पुसट होतात.

खरी काळजीची गोष्ट पुढं आहे. २००९ साली कुजावा आणि लिबरमन या संशोधकांनी उंदरांना १०० डेसिबल आवाज दोन तास ऐकवला, ऐकण्याची पातळी पुन्हा नॉर्मल झाली पण काही भागात केसपेशी आणि मेंदूकडं सिग्नल नेणारी नस यांच्यामधले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेले होते! म्हणजे कान मोकळा झाला म्हणून सगळं भरून आलं असं धरून चालणं चूक आहे. नसेकडून सिग्नल कमी आला की मेंदू आपला व्हॉल्यूम वाढवतो. कान वाजणाऱ्या पण ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) नॉर्मल असलेल्या बायकांच्या २०११ च्या तपासणीत आवाजानंतर नस आणि मेंदूत उठणाऱ्या विद्युत लाटा मोजल्या, त्यात नसेची पहिली लाट लहान निघाली, पण मेंदूकडची पाचवी नेहमीएवढीच होती. ती कुई ह्याच वाढवलेल्या व्हॉल्यूममुळं येत असावी असं मानतात.

कानाला दिवसाला ८५ डेसिबलचा आवाज ८ तास चालतो, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. कायद्यानं वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कापसाचा बोळा फार काही अडवत नाही, फोमचे इअरप्लग घाला, लेकरांना बॉक्सपासून लांब ठेवा. आणि दोन दिवसांनीही एक कान बंदच वाटला तर तेल न घालता सरळ कान-नाक-घसावाल्या डॉक्टरकडं जा, अशात उशीर लई महागात पडतो.