परांचीवर काम करता? मग ९० दिवसांचा दाखला आजच मागा

एका रंगाऱ्याची बायको कागदांची पिशवी घेऊन आली होती. नवरा चौथ्या मजल्याच्या बाहेर दोरांवर टांगलेल्या झुल्यावर रंग मारताना पडला आणि गेला. पिशवीत आधार होतं, पासबुक होतं, मृत्यूचा दाखला होता, बांधकाम कामगार मंडळाचं ओळखपत्रसुद्धा होतं. पण ओळखपत्राच्या नूतनीकरणाची तारीख उलटून सात आठवडे झाले होते. आणि इस्पितळाच्या केस पेपरवर, सोबत आलेल्या ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं म्हणून, ‘घरी गच्चीवरून पडला’ असं लिहिलेलं होतं.

नोंदणीची माहिती सगळीकडे मिळते, पण अर्ज अडतात कुठे हे कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहितो आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडची नोंदणी प्रत्येक बांधकाम कामगारानं करायला हवी. जे परांचीवर, झुल्यावर, बूम लिफ्ट किंवा सिझर लिफ्ट या माणसाला वर उचलणाऱ्या मशीनच्या पाळण्यात उभे राहून पोट भरतात, त्यांनी तर त्यात एक दिवसही दिरंगाई करू नये.

कोण पात्र आहे

वय १८ ते ६० आणि अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्यानं घातलेली ही अट २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम ठेवली आहे.

‘बांधकाम कामगार’ म्हणजे फक्त गवंडी आणि बिगारी, हा समज डोक्यातून काढून टाका. रंगारी, सुतार, प्लंबर, वायरमन, फरशी बसवणारे, सेंट्रिंगवाले, वेल्डर, लिफ्ट बसवणारे, काचा बसवणारे, परांची बांधणारे आणि उतरवणारे हे सगळे यात येतात. भाड्यानं आलेल्या बूम लिफ्टचा ऑपरेटर मला दर वेळी विचारतो, “मी तर मशीनवाल्याचा माणूस, मला चालेल का?” इमारतीच्या कामावर मजुरी घेऊन राबत असाल तर तुम्ही बांधकाम कामगार आहात. ९० दिवस काम केल्याचा दाखला मात्र जो तुमचा पगार देतो त्याच्याकडून घ्यायचा आणि त्यावर कोणत्या साइटवर कोणत्या तारखांना काम केलं ते लिहून घ्यायचं. ज्या बिल्डरच्या साइटवर मशीन उभं होतं त्याच्या ऑफिसात खेपा घालून लोक थकतात, कारण तिथल्या हजेरीत त्यांचं नावच नसतं.

९० दिवस: सगळ्यात जास्त अर्ज इथेच पडतात

आधी या आकड्याचा अर्थ. हे दिवस सलग असावे लागत नाहीत. एकाच मालकाकडचे असावे लागत नाहीत. जूनमध्ये वीस, दिवाळीनंतर चाळीस, उन्हाळ्यात तीस असे तीन ठेकेदारांकडचे दिवस जोडले तरी भरतात. ‘काम सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करायचा’ असं वाचून, मुदत संपली म्हणून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. ती मुदत नाही. ते किमान कामाचे दिवस आहेत.

मोजणी मात्र अर्जाच्या तारखेपासून मागे बारा महिने होते. मागच्या वर्षी मिळालेला दाखला घडी घालून पेटीत ठेवला आणि यंदा काढला, तर त्यावरचे दिवस या बारा महिन्यांत बसतीलच असं नाही. दाखला हातात पडला की अर्ज त्याच आठवड्यात करा.

आता तो द्यायचा कुणी? मालक, विकासक किंवा ठेकेदार देऊ शकतो. शहरात महानगरपालिका किंवा नगरपालिकेचा अधिकारी, गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) देऊ शकतो. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्षात ठेकेदार सही करत नाही, कारण लेखी दिलं की तो मालक ठरतो आणि मालक ठरला की जबाबदारी अंगावर येते. ग्रामसेवक म्हणतो, तू शहरात काम केलंस, मी कसा सांगू? पालिकेतला बाबू ग्रामपंचायतीकडे बोट दाखवतो. ज्याच्या घामावर इमारत उभी राहते त्याला स्वतः काम केल्याचा एक कागद मिळवायला महिना घालवावा लागतो, याची मला मनापासून चीड येते. पण चिडून कागद मिळत नाही, तेव्हा जे उपयोगी पडलं ते सांगतो.

काम चालू असतानाच दाखला मागा. शेवटचा हिशोब झाला, परांची उतरली, मुकादम दुसऱ्या साइटवर गेला, की फोनसुद्धा उचलला जात नाही. रोज संध्याकाळी तारीख, साइटचं नाव, काय काम केलं आणि किती मजुरी मिळाली हे छोट्या वहीत लिहून ठेवा. आठवड्याची खर्ची मिळते तेव्हा त्या पानावर मुकादमाची सही घ्या. मजुरी फोनवर जमा होत असेल तर ते मेसेज पुसू नका. दाखला देणाऱ्यापुढे ही वही ठेवली की त्याला ‘मी कसा सांगू’ म्हणायला जागा उरत नाही. एका परांचीवाल्या आजोबांनी ठेवलेली वही अजून डोळ्यांपुढे आहे. लिहिता येत नव्हतं, म्हणून नातीकडून तारखा घालून घेतल्या होत्या आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी बांबूची संख्या. त्या वहीवर त्यांना दाखला मिळाला.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. तुमचं नाव आधारवर आहे तसंच हवं. कामाचा प्रकार, साइटचा पत्ता, कधीपासून कधीपर्यंत, एकूण दिवस, देणाऱ्याचं नाव, मोबाइल, सही, शिक्का, तारीख. सरकारी कार्यालयाचा दाखला असेल तर जावक क्रमांकही हवा, कारण ऑनलाइन अर्जात तो विचारला जातो. शिक्का पुसट उमटला तर लगेच दुसरा मारून घ्या. फोटो काढल्यावर वाचता न येणारा शिक्का हे अर्ज परत येण्याचं अगदी नेहमीचं कारण आहे.

एक कळकळीची विनंती. नाक्यावर फिरणारे एजंट पैसे घेऊन तयार दाखला देतात. तो घेऊ नका. ज्या ठेकेदाराचं नाव त्यावर असतं त्याला तुम्ही ओळखत नसता. तपासणीत फोन लागला की नोंदणी जाते आणि खोट्या कागदाचा ठपका तुमच्या नावावर बसतो. एजंट तेव्हा भेटत नाही. नोंदणीचं सरकारी शुल्क अगदी नाममात्र आहे. जो हजारात बोलतो त्याच्यापासून दूर राहा.

बाकीचे कागद

आधार, वयाचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक, पासपोर्ट आकाराचे तीन फोटो आणि नमुना ५ मधला अर्ज. मंडळाच्या संकेतस्थळावर माहिती भरायची, कागद चढवायचे आणि तालुक्याच्या कामगार सुविधा केंद्रात बोलावतील तेव्हा मूळ कागद घेऊन जायचं. पोचपावतीचा नंबर दोन ठिकाणी लिहून ठेवा.

ई-श्रम कार्ड काढलं म्हणजे ही नोंदणी झाली असं समजू नका. ते केंद्र सरकारचं असंघटित कामगारांचं पोर्टल, हे राज्याचं मंडळ. दोन्ही वेगवेगळी आहेत.

आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडलेला असतो, ओटीपी येत नाही आणि अर्ज पहिल्याच पायरीवर थांबतो. तो आधी आधार केंद्रावर बदलून घ्या. बँक खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे ना, तेही विचारा. जनधन खात्यात वर्षानुवर्षं व्यवहार नसेल तर ते निष्क्रिय झालेलं असतं.

आणि अंगठा. सिमेंट, चुना आणि बांबूच्या दोऱ्यांनी बोटांच्या रेषा झिजून जातात. केंद्रात माणूस बोट पुसून पुसून यंत्रावर ठेवतो, लाल दिवा लागतो आणि त्याला ‘उद्या या’ सांगतात. उद्याही तेच होतं आणि दोन दिवसांची मजुरी बुडते. केंद्रात जायच्या आदल्या दिवशी सिमेंटच्या कामाला हात लावू नका, रात्री बोटांना तेल चोळा, सकाळी साबणानं स्वच्छ धुवा. तरीही उमटत नसेल तर आधार केंद्रात बायोमेट्रिक नव्यानं करून घ्या.

नूतनीकरण

नोंदणी एकदा केली की कायमची, असं धरून चालणारे सर्वांत जास्त फसतात. ती दर वर्षी नव्यानं जिवंत ठेवावी लागते आणि त्या वेळी त्या वर्षाचा ९० दिवसांचा दाखला पुन्हा द्यावा लागतो. मंडळाची पुढच्या काही वर्षांची वर्गणी आगाऊ भरली म्हणून नूतनीकरण झालं असं होत नाही. ओळखपत्रावरची तारीख घराच्या भिंतीवर कोळशानं लिहा, पण लिहा. त्याच्या दोन महिने आधी दाखल्याच्या मागे लागा.

तारीख उलटली असेल तर हताश होऊ नका. वर्षभर वर्गणी न भरल्यानं सदस्यत्व गेलं तरी कारण पटल्यास थकबाकी भरून घेऊन ते परत देण्याचा अधिकार १९९६ च्या कायद्यानं मंडळाच्या सचिवांना दिला. तेव्हा नवा अर्ज भरायच्या आधी ते विचारा. मधल्या काळात काही अघटित घडलं तर मात्र भांडण फार कठीण होतं.

सुरक्षा संच मिळाल्यावर

नोंदणी झालेल्यांना मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो. त्यात हेल्मेट, बूट, हातमोजे, गॉगल, मास्क, कानातले प्लग, चमकणारं जॅकेट आणि हार्नेस बेल्ट असतो. तो बेल्ट बहुतेक घरांत खुंटीला लटकलेला दिसतो. तो कामावर न्या. हूक डोक्याच्या वर, पक्क्या कॉलमला किंवा जीवनदोरीला अडकवा. परांचीच्या आडव्या बांबूला अडकवलात तर बांबूसकट खाली याल. हूक पायाशी अडकवला तर दोरीच्या लांबीच्या दुप्पट पडून मग झटका बसतो. बूम लिफ्टच्या पाळण्यात बेल्ट पाळण्यातल्याच ठरवून दिलेल्या कडीला अडकवायचा आणि हात पोचत नाही म्हणून कठड्यावर पाय ठेवायचा नाही. एकदा झटका बसलेला बेल्ट पुन्हा वापरू नका, शिवण नीट दिसली तरी.

संच मिळाला म्हणून ठेकेदाराची जबाबदारी संपत नाही. कठडा, घट्ट बांधलेल्या फळ्या, चढायला शिडी, खाली जाळी हे देणं त्याचंच काम आहे.

अपघात झालाच तर

कामावर असताना नोंदीत कामगाराचा मृत्यू झाला तर मंडळाच्या योजनेत वारसाला ५ लाख रुपये आहेत, नैसर्गिक मृत्यूला २ लाख, आणि ७५ टक्के किंवा त्याहून जास्त कायमचं अपंगत्व आलं तर २ लाख. या रकमांमधला सगळा फरक ‘कामावर असताना’ या दोन शब्दांनी पडतो. ते सिद्ध करणारे कागद पहिल्या काही तासांतच तयार होतात आणि त्या तासांत घरचे लोक भानावर नसतात. म्हणून हे आधीच घरात सांगून ठेवा.

इस्पितळात सोबत घरचा किंवा कामावरचा सोबती असू द्या. केस पेपर लिहिणाऱ्याला स्पष्ट सांगा: कोणती साइट, कितवा मजला, परांचीवरून, झुल्यावरून की लिफ्टमधून, किती वाजता. काय लिहिलं ते वाचायला मागा. पोलिसांचा जबाब आणि पंचनामा साइटचाच झाला पाहिजे. शवविच्छेदनाचा अहवाल, मृत्यूचा दाखला आणि वारसाचे कागद नंतरही मिळवता येतात, पण परांची दुसऱ्या दिवशी उतरवली की पंचनाम्याला काही उरत नाही. कुणी एकानं फोनवर तिचे फोटो काढून ठेवावेत. अपघाताची सूचना अधिकाऱ्यांना देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. ती दिली का, हे लेखी विचारा.

मंडळाची मदत आणि मालकाकडून मिळणारी नुकसानभरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी बुडत नाही. ठेकेदार हातात थोडे पैसे देऊन कोऱ्या कागदावर अंगठा मागतो, तो देऊ नका. ठेकेदार पळाला तरी ज्याचं मूळ काम आहे त्याच्याकडे भरपाई मागता येते.

अर्ज नामंजूर झाला तर

‘कागद अपुरे’ एवढंच लिहून आलं तर कोणता कागद, हे लेखी विचारा. अर्जदाराला म्हणणं मांडायची संधी न देता अर्ज फेटाळता येणार नाही आणि निर्णयाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येईल, असं १९९६ च्या कायद्याच्या कलम १२ मध्येच लिहिलेलं होतं. खिडकीवरच्या माणसाला हे शांतपणे सांगितलं की तो बहुतेक वेळा फाइल पुन्हा उघडतो. ते ३० दिवस निर्णयाच्या तारखेपासून मोजले जात, म्हणून मंडळाचा मेसेज आला की त्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घ्या आणि अर्जाचा नंबर, नाकारल्याची तारीख आणि दिलेलं कारण दाखल्याच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवा. अपिलाच्या अर्जात या तीन गोष्टी लागतातच.