चिखलाची सायकल आणि खडीची सायकल

रविवारी सकाळी मुंबईतल्या आरेत चहाच्या टपरीवर थांबलो की कुणीतरी माझ्या सायकलकडे बघून हमखास विचारतं, "ग्रॅव्हल का?" मी सांगतो, नाही, सायक्लोक्रॉस. समोरचा मान डोलावतो आणि दोन मिनिटांनी आपल्या मित्राला सांगतो, "ह्यांची पण ग्रॅव्हलच आहे." त्याचं काही चुकत नाही. रेसरसारखं खाली वळलेलं हँडल, जाडसर टायर, डिस्क ब्रेक. दहा फुटांवरून दोघींत फरक सांगा म्हटलं तर भलेभले अडखळतील. मला स्वतःलाही तो कळला सायकल घेतल्यावर, पहिल्याच जूनमध्ये, गोरेगावहून आरेमार्गे पवईला ऑफिसला जाताना.

सायक्लोक्रॉस, थोडक्यात क्रॉस, ही मुळात शर्यत. फ्रान्स-बेल्जियमकडचे सायकलपटू हिवाळ्यात अंग मोकळं राहावं म्हणून शेतं, कुंपणं, ओढे ओलांडत सायकल दामटायचे, त्यातून ती निघाली. १९०२ साली फ्रान्समध्ये तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. १९१० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ऑक्टाव्ह लापीझनं आपल्या यशाचं श्रेय या चिखलातल्या तालमीला दिलं, तेव्हा बाकीच्यांचं तिच्याकडे लक्ष गेलं. पॅरिसमध्ये १९५० साली पहिली जागतिक स्पर्धा झाली, ती झाँ रॉबिकनं जिंकली. शर्यत साधारण तासाभराची, एक फेरी अडीच ते साडेतीन किलोमीटरची. वाटेत चिखल, वाळू, पायऱ्या आणि चाळीस सेंटीमीटरपर्यंत उंच फळ्या. तिथे उतरायचं, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायचं. सायकल फारच माखली तर ठरलेल्या जागी ती देऊन दुसरी धुतलेली घ्यायची.

ग्रॅव्हलची, म्हणजे खडीच्या सायकलची, गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या मध्यभागात शेतांमधून जाणारे खडीचे रस्ते शेकडो मैल पसरलेले आहेत. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया गावात २००६ पासून त्यावर दोनशे मैलांची, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरची शर्यत होते. दिवसभर बुडाखाली तीच सायकल, पाणी-खाणं-हत्यारं सगळं तिच्यावरच. म्हणजे एक तासाभराच्या मारामारीसाठी जन्मलेली, दुसरी दिवसभराच्या वाटचालीसाठी. घराणं मात्र एकच. ग्रॅव्हलची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा २०२२ साली इटलीत झाली, तेव्हा पुरुषांत पहिला आला तो बेल्जियमचा जियानी व्हर्मिर्श, मुळात क्रॉसमध्येच तयार झालेला.

आता मुंबईत या. सगळ्यात आधी टायर, कारण इथे सगळा खेळ त्यावरच आहे. क्रॉसच्या शर्यतीत टायर ३३ मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही, नियमच आहे. त्यामुळे फ्रेमही तेवढ्याच मापाची. वर थोडी मोकळी जागा सोडलेली असते, पण ती चिखल अडकून चाक जाम होऊ नये म्हणून. ग्रॅव्हलमध्ये ४० सहज बसतो, बऱ्याच फ्रेममध्ये ४५ किंवा ५० सुद्धा. हे जादा मिलिमीटर म्हणजे काय, ते निम्मे उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून गेलं की मनगटांना विचारा. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, खड्ड्याचा दणका टायरच पितो. ३३ मध्ये तेवढी कमी हवा ठेवली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चेंगरते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. पहिल्या पावसाळ्यात मी पंक्चरवाल्याचा कायमचा गिऱ्हाईक झालो होतो. त्याच्याकडचा पंप माझ्या बारीक प्रेस्टा वॉल्व्हला बसत नाही, म्हणून पितळी अडॅप्टर किल्लीच्या जुडग्यात लावून ठेवलाय. शिवाय तो सवयीनं दगडासारखी हवा भरतो, ती निघताना सोडावी लागते.

टायरवरच्या गुट्ट्यांचंही, म्हणजे रबराच्या उंचवट्यांचंही, सांगून टाकतो. क्रॉसची सायकल गुट्ट्यांच्या टायरसकट येते आणि आपल्याला वाटतं, पावसाला हेच बरं. अजिबात नाही. गुट्टे चिखलात रुततात म्हणून पकड देतात. ओल्या काँक्रीटवर, झेब्रा क्रॉसिंगच्या पांढऱ्या पट्ट्यावर, खोदकामावर टाकलेल्या लोखंडी प्लेटवर ते रुतणार कुठे? तिथे रबर जेवढं जास्त टेकेल तेवढं चांगलं. माझ्या मते मुंबईत रोज चालवायची सायकल क्रॉस असो वा ग्रॅव्हल, पहिल्याच दिवशी तिला गुळगुळीत टायर चढवावेत.

मग मडगार्ड. शर्यतीच्या क्रॉसला मडगार्ड-कॅरिअर कशाला हवेत? त्यामुळे फ्रेमवर ते बसवायची स्क्रूची भोकंच नसतात, काहींवर तर बाटलीच्या पिंजऱ्याचीही नसतात. आपल्याकडे जूनपासून पुढचे चार महिने मडगार्डाशिवाय ऑफिस गाठणं म्हणजे पाठीवर चिखलाचा उभा पट्टा आणि बॅगेत दुसरा शर्ट. गंमत अशी की ग्रॅव्हल हे नाव रूढ व्हायच्या आधी लोक रोजच्या कामासाठी क्रॉसच घ्यायचे आणि कंपन्यांनाही ते ठाऊक होतं. त्यामुळे त्या काळातल्या कित्येक 'क्रॉस' सायकलींना सगळी भोकं आहेत. सर्ली या कंपनीची क्रॉस-चेक हे त्याचं ठळक उदाहरण, नाव क्रॉस आणि वागणं ओझेवाल्या घोड्याचं. तेव्हा डब्यावरचं लेबल वाचू नका, वाका आणि फ्रेम बघा.

गिअरमधला फरक सपाट शहरात फारसा बोचत नाही. क्रॉसला पुढे बहुधा ४६-३६ दातांची जोडी, ग्रॅव्हलला ४६-३० किंवा एकच चाळीसची चक्री आणि मागे मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चक्र्यांचा संच. नॅशनल पार्कात कान्हेरीचा शेवटचा चढ आला की मी उभा राहून पायडल मारतो आणि ग्रॅव्हलवाले बसल्या बसल्या गप्पा मारत पुढे जातात, एवढंच. पण रो-रो बोटीनं मांडव्याला उतरून कॅरिअरवर दोन बॅगा लादून रेवदंडा-मुरूडकडे जायचा बेत असेल, तर मात्र तो खालचा, चढाला हलका गिअर हवाच.

वळणाला क्रॉस चपळ, ग्रॅव्हल लांबट आणि स्थिर. खड्डे चुकवायला मला चपळ आवडते. हँडलवर पिशवी अडकवून चालवणाऱ्याला ती नाचरी वाटेल. जुन्या क्रॉसमध्ये पायडलचा आस सेंटीमीटरभर उंच असतो, त्यामुळे सीटही तेवढीच वर जाते आणि सिग्नलला पाय टेकताना टाच अधांतरी राहते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर किती सिग्नल आहेत ते आठवा.

क्रॉसला मी नावं ठेवतोय असं वाटेल, पण एका बाबतीत ती मुंबईसाठीच घडवल्यासारखी आहे. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर, आणि जिन्याखाली सायकल ठेवली की सेक्रेटरींची चिठ्ठी येते. क्रॉसच्या फ्रेमचा वरचा दांडा खांद्याला रुतू नये म्हणून खालून चपटा असतो, ब्रेक-गिअरच्या वायरी त्याच्या वरून नेलेल्या असतात, फ्रेमचा त्रिकोण मोठा असतो. हात घातला, खांद्यावर टाकली, चाललो. रेल्वेच्या पुलावरही तसंच. एका मित्राची ग्रॅव्हल आहे. तिचा दांडा उतरता, त्रिकोणात दोन बाटल्या आणि एक बॅग. बिचारा पुलाच्या प्रत्येक पायरीवर चाक आपटत येतो. पुलाच्या वर मी आधी पोचतो, पुढे मार्वेपर्यंत तो. मग होडीत सायकली चढवून आम्ही मनोरीला उतरतो आणि गोराई-उत्तनकडच्या मातीच्या तुकड्यांवर दोघीही सारख्याच मजेत धावतात.

नवीन घेणार असाल आणि घरी लिफ्ट असेल, तर ग्रॅव्हल घ्या, त्यात मला शंका नाही. जुनी क्रॉस स्वस्तात मिळत असेल तर आधी ब्रेक बघा. क्रॉसच्या शर्यतीत डिस्क ब्रेकला २०१० साली परवानगी मिळाली. त्याआधीच्या सायकलींना बहुधा कँटिलिव्हर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी धरणारे ब्रेक असतात. पावसात ते उशिरा धरतात, आणि आरेतल्या चिखलाची कच रिम खाऊन टाकते. रिमच्या कडेवरून बोट फिरवा, खोलगट लागली तर चाकांचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा. मग मडगार्डाची भोकं शोधा. शेवटी मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना, टायर आणि फ्रेमच्या मधे, करंगळी घालून बघा. आरामात गेली तर ३५ चा टायर चढेल. अडकली तर सायकल शर्यतवाल्यासाठी सोडा.